ॲमिनो ॲमाइडशी ओळख : जव्हार-मोखाड्याच्या वाचकांसाठी प्रस्तावना

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या बहुतेक माणसांची एका ॲमिनो ॲमाइडशी गाठ कधी ना कधी पडलेली असते, फक्त त्याचे नाव त्यांना कोणी सांगितलेले नसते. कोयत्याने बोट कापते, दाढ काढायची वेळ येते किंवा पेंढा उचलताना विंचू चावतो. मग दवाखान्यात एक बारीक सुई टोचली जाते, तो भाग हळूहळू जड होतो आणि टाके घालताना फक्त ओढल्यासारखे वाटते. त्या कुपीतले औषध म्हणजे लिग्नोकेन. परदेशी पुस्तकांत त्यालाच लिडोकेन म्हणतात. ॲमिनो ॲमाइड नावाच्या मोठ्या कुळातला हा सर्वांत परिचित रेणू. या पुस्तिकेची सुरुवात आम्ही त्याच्यापासूनच केली आहे, कारण ओळखीच्या माणसाकडून पाहुण्याची गाठ घालून दिली की बोलणे सोपे जाते.

ही पुस्तिका तीन प्रकारचे वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. पहिला वाचक विज्ञान शाखेच्या पदवी वर्गातला विद्यार्थी, ज्याने सेंद्रिय रसायनशास्त्र परीक्षेपुरते वाचले आहे. दुसरा प्रयोगशाळेतला परिचर. बाटल्या खरे तर तोच हाताळतो आणि पुस्तके मात्र त्याच्यासाठी कोणी लिहीत नाही. तिसरा वाचक बारावीनंतर, कधी त्याआधीच, घाट उतरून बोईसरला कामाला जाणारा तरुण. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधे आणि त्यांना लागणारी मधली रसायने बनवणारे पुष्कळ कारखाने आहेत. तिथल्या आगींच्या आणि स्फोटांच्या बातम्या आपल्याकडे वाचल्या जातात त्या आपल्या पाड्यावरचा कोणी त्यात आहे का, हे पाहण्यासाठी. ड्रमवर लिहिलेले नाव वाचता येणे आणि त्या नावावरून ड्रममधला पदार्थ कसा वागेल याचा अंदाज बांधता येणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दुसरे शिकवण्याचा हा प्रयत्न आहे.

हे सगळे मराठीत कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मराठीत रसायनशास्त्र लिहिण्याची वाट काही आजची नाही. एकोणिसाव्या शतकात बाळाजी प्रभाकर मोडक यांनी या विषयावर मराठीत ग्रंथ लिहिले. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद हे काम नेटाने करते आहे. आपल्या शालेय पुस्तकांतले आम्ल, आम्लारी, क्षार, अभिक्रिया, स्फटिक हे शब्द मुलांच्या तोंडी रुळलेले आहेत. शिवाय अपघाताच्या क्षणी माणूस ज्या भाषेत ओरडतो, त्या भाषेत सूचना आधी वाचलेली असावी, असे आमचे मत आहे. जिथे कारखान्यात आणि बाजारात इंग्रजी नावच चालते, तिथे आम्ही तेच ठेवले आहे. बाटलीवर एक आणि पुस्तकात दुसरेच नाव असले तर गोंधळ वाढतो.

आता कुळाबद्दल थोडे. नायट्रोजनचा अणू कार्बन-हायड्रोजनच्या साखळीला सरळ जोडला की अमाइन तयार होते. अमाइन आम्लारीसारखे वागते आणि बहुधा माशासारखा किंवा अमोनियासारखा उग्र वास देते. तोच नायट्रोजन जर अशा कार्बनला जोडला, ज्याच्यावर ऑक्सिजन दुहेरी बंधाने बसला आहे, तर ॲमाइड होते. मग त्याचा स्वभाव पार बदलतो. नायट्रोजनकडची इलेक्ट्रॉनांची जोडी ऑक्सिजनकडे ओढली जाते, आम्लारीपणा जवळजवळ संपतो आणि बंध घट्ट होतो. आपल्या स्नायूंतली आणि उडीद-हुलग्यांतली प्रथिने याच बंधाने ओवलेली असतात. सातपाटीच्या मच्छीमारांची नायलॉनची जाळीही याच बंधावर टिकून आहेत. एकाच रेणूत एक अमाइन आणि एक ॲमाइड असले की तो ॲमिनो ॲमाइड. एक टोक चपळ, दुसरे स्थिर. वाचकांनी एवढे एक वाक्य पक्के केले तरी पुढची निम्मी पुस्तिका सोपी जाईल.

लिग्नोकेनचा जन्म स्वीडनमधला, आणि त्याची कथा जवाच्या शेतापासून सुरू होते. १९३० च्या दशकात स्टॉकहोममध्ये हान्स फॉन ऑयलर यांच्या प्रयोगशाळेत जवाच्या काही वाणांतल्या ग्रामिन नावाच्या द्रव्याचा अभ्यास चालला होता. त्या द्रव्याचा एक भाऊबंद होल्गर अर्टमान यांनी तयार केला आणि चाखून पाहिला, तेव्हा त्यांची जीभ बधिर झाली. त्या काळी रसायनज्ञ चव घेऊन पाहत. आज कोणीही, कोणत्याही कारणासाठी, तसे करायचे नाही. पण त्या बधिर जिभेचा धागा पकडून निल्स लोफग्रेन आणि त्यांचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी एकामागून एक संयुगे बनवली. १९४३ मध्ये ‘एलएल ३०’ हाती लागले. लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःच्या अंगावर टोचून पाहिले. आस्ट्रा कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९४८ मध्ये ‘झायलोकेन’ या नावाने ते बाजारात आणले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे.

त्याआधी बधिरतेसाठी प्रोकेन वापरले जाई. आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी ते १९०५ मध्ये आणले होते. प्रोकेनमध्ये ॲमाइडऐवजी एस्टर बंध आहे आणि तो रक्तातली विकरे चटकन तोडतात. त्यातून जो तुकडा सुटतो, त्याची काहींना ॲलर्जी होते. लिग्नोकेनचा ॲमाइड बंध रक्तात तसा तुटत नाही, त्याचे विघटन मुख्यत्वे यकृतात होते. त्यामुळे त्याचा परिणाम प्रोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतो आणि ॲलर्जी क्वचितच दिसते. रेणूकडे नीट पाहिले तर आणखी एक चतुराई दिसते. ॲमाइडचा नायट्रोजन ज्या बेंझीन वलयाला जोडलेला आहे, त्या वलयावर त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मिथिल गट बसला आहे. दारात दोन पहारेकरी उभे केल्यासारखे हे गट पाण्याला आणि आम्लाला ॲमाइडपर्यंत सहजी पोहोचू देत नाहीत. म्हणूनच लिग्नोकेनचे द्रावण उकळून, दाबाखाली वाफवून निर्जंतुक करता येते. वीज बेभरवशाची आणि शीतपेट्या मोजक्या असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत हे औषध टिकून पोहोचते, ते याच दोन मिथिल गटांच्या कृपेने.

दवाखान्यात काम केलेल्यांना दुसरी एक गोष्ट अनुभवाने माहीत असते. पू भरलेल्या गळवाभोवती हे इंजेक्शन नीट काम करत नाही. याचे उत्तर अमाइनच्या टोकाशी आहे. लिग्नोकेनचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला त्याचा निम्मा हिस्सा भारित आणि निम्मा भाररहित असतो तो आकडा, सुमारे ७.९ आहे. शरीराच्या ७.४ सामूला त्याचा साधारण चौथा हिस्सा विद्युतभाररहित राहतो आणि तेवढाच चेतातंतूच्या पटलातून आत शिरतो. आत गेल्यावर तो पुन्हा भारित होतो आणि सोडियमची वाट अडवतो, म्हणून वेदनेचा संदेश पुढे जात नाही. गळवाजवळ आम्लता वाढलेली असते. सामू एक अंकाने खाली आला तर भाररहित हिस्सा तीन-चार टक्क्यांवर येतो आणि औषध दाराबाहेरच थांबते. पुस्तकातले समीकरण आणि रुग्णाचे कण्हणे एकाच जागी भेटतात, अशा जागा रसायनशास्त्रात फार नसतात. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

मात्रेचे गणितही असेच. ॲड्रेनॅलिनशिवाय लिग्नोकेनची कमाल मात्रा दर किलो वजनाला सुमारे ४.५ मिलिग्राम धरतात. दोन टक्क्यांच्या द्रावणात एका मिलिलिटरला २० मिलिग्राम औषध असते. म्हणजे ५० किलोच्या माणसाला जेमतेम ११ मिलिलिटर, आणि ३५ किलोच्या बाईला आठाच्याही आत. टेबलावरच्या ३० मिलिलिटरच्या कुपीत ६०० मिलिग्राम भरलेले असते. पुस्तकांतली उदाहरणे सहसा ७० किलोच्या माणसाची असतात. आपल्याकडे काट्यावर तेवढा आकडा किती जणांचा येतो, हे आशाताईंना विचारावे. मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे आणि ही पुस्तिका त्याचा परवाना देत नाही. पण वजन आधी का करतात, हे समजलेला परिचर बरोबर असला तर डॉक्टरांनाही आधार वाटतो. विंचवाचेही इथेच सांगून टाकावे : लिग्नोकेन दंशाची आग शमवते, विषाचा हृदयावरचा परिणाम थांबवत नाही. त्यासाठी प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या रुग्णांवर काम करून जगापुढे मांडला. वेदना थांबली म्हणून रुग्णाला घरी नेऊ नये.

आता प्रयोगशाळेकडे वळू. लिग्नोकेनची निर्मिती जगभरच्या महाविद्यालयांत पदवीचा प्रयोग म्हणून करवून घेतात. ती दोन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीत २,६-झायलिडिन या अमाइनवर क्लोरोॲसिटिल क्लोराइडची अभिक्रिया घडवून ॲमाइड बनवतात. पांढरा स्फटिकरूप पदार्थ खाली बसतो. दुसऱ्या पायरीत त्या ॲमाइडच्या टोकाचा क्लोरीन हटवून तिथे डायएथिल अमाइन बसवतात. टोल्युइनमध्ये ते उकळत ठेवले की पात्राच्या कडेला हळूहळू एक पांढरा क्षार जमू लागतो. अभिक्रिया पुढे सरकते आहे, याची ती खूण. शेवटी आम्लात विरघळवून, आम्लारीने पुन्हा मोकळे करून, ६८ अंशांच्या आसपास वितळणारे लिग्नोकेन मिळते. ‘एक टोक चपळ, दुसरे स्थिर’ हे वर वाचलेले वाक्य इथे डोळ्यांनी दिसते : चपळ टोक आम्लात जाते, स्थिर टोकाला काही होत नाही. इतका सुबक प्रयोग अभ्यासक्रमात दुसरा क्वचितच असेल, असे मला वाटते. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी : प्रयोगशाळेत बनलेले लिग्नोकेन कितीही शुद्ध दिसले तरी ते अंगाला लावायचे नाही. ते प्रयोगवहीचे आहे, दवाखान्याचे नव्हे.

या पुस्तिकेचे मुख्य म्हणणे इथून सुरू होते. सुरक्षिततेच्या सूचना पुस्तकाच्या शेवटी चौकटीत छापून भागत नाही, कारण पाठ केलेली यादी घाईत आठवत नाही. धोका रेणूच्या रचनेतच लिहिलेला असतो आणि तो तिथूनच वाचायला शिकावे. तयार लिग्नोकेन तुलनेने शांत आहे. त्याला जन्म देणारी तिन्ही रसायने मात्र तशी नाहीत, आणि तिघांचा स्वभाव तीन तऱ्हांचा. क्लोरोॲसिटिल क्लोराइड जिथे पाणी भेटेल तिथे तुटून पडते आणि हायड्रोजन क्लोराइडचा धूर सोडते. डोळ्यांतली ओल, घशातली ओल, हातावरचा घाम, हे सगळे त्याच्या लेखी पाणीच. डायएथिल अमाइन ५५ अंशांना उकळते. एप्रिल-मे महिन्यांत मोखाड्यात पत्र्याखालची खोली तापली की त्याची बाटली उघडताना फस्स आवाज होतो. ती आधी थंड करून, धूर ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्ये, आसपास एकही ज्योत नसताना उघडावी. झायलिडिन या दोघांपेक्षा निमूट दिसते. तपकिरी, तेलकट, सांडले तरी आग होत नाही. ते कातडीतून गुपचूप आत जाते, म्हणून मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

अशा अमाइनांमुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनमधले लोह बदलते आणि त्याची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. ओठ आणि नखे निळसर दिसू लागणे ही त्याची खूण. त्यावर मिथिलीन ब्लू हे औषध देतात, पण ज्याला जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता आहे, त्याला ते अपायकारक ठरू शकते. सिकलसेलही आपल्या भागात अनोळखी नाही. म्हणून ज्या विद्यार्थ्याला यांपैकी काही आहे, त्याने प्रयोगाआधी शिक्षकांना एकांतात सांगावे, आणि शिक्षकांनी त्याला कमी न लेखता दुसरा प्रयोग द्यावा. प्रिलोकेन हे लिग्नोकेनचे भावंड शरीरात तुटले की ऑर्थो-टोल्युइडिन सुटते. मात्रा जास्त झाली तर तेही हाच निळेपणा आणते. रचना वाचता आली तर झायलिडिन आणि प्रिलोकेन यांचे नाते न सांगता कळते.

मोठ्या शहरांसाठी लिहिलेली सुरक्षा-पुस्तके आपल्या दोन गोष्टी विसरतात. पावसाळ्यात इथे हवेतच पाणी असते आणि उन्हाळ्यात नळाला नसते. जुलैत जव्हारला निर्जल कॅल्शियम क्लोराइडचे खडे बशीत काढून ठेवले, तर आधी ते एकमेकांना चिकटतात, मग त्यांच्याभोवती पाणी सुटते आणि अखेर बशीत निव्वळ द्रावण उरते. पात्रात ओल शिरू नये म्हणून जोडलेल्या संरक्षक नळीतल्या खड्यांचेही तेच होते. म्हणून ते प्रयोगाच्या दिवशी बदलावेत, आदल्या आठवड्यात नव्हे. त्या हवेत क्लोरोॲसिटिल क्लोराइडची बाटली उघडताच तोंडाशी पांढरा धूर दिसतो. शक्य असेल तर पहिली पायरी दिवाळीनंतरच ठेवावी. मग थंडीचा प्रश्न येतो. पहिल्या पायरीत लागणारे ग्लेशियल ॲसेटिक आम्ल १६.६ अंशांना गोठते, आणि जानेवारीतल्या सकाळी जव्हारच्या प्रयोगशाळेत ती बाटली बर्फासारखी घट्ट सापडू शकते. ती बर्नरवर धरू नये. झाकण सैल करून कोमट पाण्यात उभी ठेवावी.

उन्हाळ्याची अडचण याहून मोठी. मोखाड्याच्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे आणि त्याचे पाणी मुंबईला जाते. इथल्या कितीतरी पाड्यांना मात्र मार्चपासून टँकरची वाट पाहावी लागते. कंडेन्सरमधून तासभर नळ वाहता ठेवायचा, ही कृती अशा गावात करवून घेणे बरे दिसत नाही, आणि गरजही नाही. बादलीत बुडणारा कूलरचा छोटा पंप तेच पाणी फिरवत राहतो. डोळ्यांचे तसे नाही. रसायन डोळ्यात गेले तर निदान पंधरा मिनिटे सलग वाहते स्वच्छ पाणी हवे, त्याला पर्याय नाही. वर टाकी भरलेली आहे आणि नळ उघडल्यावर पाणी येते, हे पाहिल्याशिवाय त्या दिवशी बाटलीला हात लावू नये. वीज गेली तर पंखा थांबतो आणि फ्यूम हूड नुसते कपाट उरते. तेव्हा थेंब टाकणे बंद करावे, हीटर काढावा, काच खाली ओढावी आणि सर्वांनी बाहेर यावे. पुढचे मोठे रुग्णालय नाशिकला, तेही घाटरस्त्याने. एवढे लक्षात ठेवले की या सूचना जाचक वाटत नाहीत.

पुस्तिकेचा उत्तरार्ध कुळातल्या इतर सदस्यांचा आहे आणि तो उत्साही वाचकांसाठी आहे. प्रोलिनामाइडसारखी ॲमिनो आम्लांची ॲमाइडे मधुमेहावरच्या व्हिल्डाग्लिप्टिनसारख्या औषधांच्या जडणघडणीत लागतात. फेफऱ्यावरचे लेव्हेटिरासिटाम २-ॲमिनोब्युटानामाइडपासून बनवता येते. मला स्वतःला सर्वांत जवळचे वाटते ते २-ॲमिनोबेंझामाइड. त्याच्या वलयावर अमाइन आणि ॲमाइड शेजारी शेजारी बसलेले असतात. एखादे अल्डिहाइड भेटले की दोघे मिळून त्याला कवेत घेतात आणि सहा अणूंचे नवे वलय तयार होते. असाच क्विनाझोलिनचा सांगाडा कुंपणाला लावलेल्या अडुळशाच्या पानांत, व्हॅसिसिन या द्रव्यात, निसर्गाने आधीच बांधून ठेवला आहे. व्हॅसिसिनवरून पुढे ब्रोमहेक्सिन आणि अँब्रोक्सॉल ही खोकल्याची औषधे निघाली. आजीने अडुळशाचा काढा दिला असेल, त्या वाचकांनी ते प्रकरण आधी वाचले तरी चालेल. मात्र काढ्यात व्हॅसिसिन आहे म्हणून प्रयोगशाळेतली क्विनाझोलिने निरुपद्रवी ठरत नाहीत.

प्रयोग संपल्यावर उरते ते कुठे टाकायचे, यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते कोणी गाळू नये. जव्हार-मोखाड्याचे बरेच ओढे पिंजाळ आणि वैतरणेला मिळतात, आणि त्याच पाण्यावर खाली लोक आणि गुरे जगतात. क्लोरीनयुक्त अवशेष आणि टोल्युइन वेगवेगळ्या, नाव-तारीख लिहिलेल्या बाटल्यांत साठवावे. तळोज्यासारख्या ठिकाणी घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची अधिकृत सोय आहे. महाविद्यालयाने वर्षातून एकदा त्या मार्गाने बाटल्या पाठवाव्यात. मोरी हा त्यावरचा मार्ग नाही.

वाचकांनी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचलीच पाहिजे असे नाही. विद्यार्थ्याने रचनेचे प्रकरण आणि मग प्रयोग हा क्रम धरावा. परिचराने आधी बाटल्यांचे प्रकरण वाचावे आणि त्यातल्या प्रत्येक बाटलीसमोर स्वतः जाऊन उभे राहावे. कारखान्यात जाणाऱ्याला वेळ कमी असेल तर त्याने निदान तीन पालक-रसायनांची पाने फाडून खिशात ठेवावीत, आमची हरकत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दोन कोरी पाने सोडली आहेत. तुमच्या प्रयोगशाळेत जुलैत कॅल्शियम क्लोराइड किती तास टिकले, टाकीतले पाणी किती मिनिटे पुरले, कोणत्या बाटलीच्या झाकणाला बुरशी धरली, हे तारखेसह त्यांवर लिहावे आणि पुस्तिका पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी.